न लागलेला दिवा

इंजिन सुरू होते, नवा अल्टरनेटर, म्हणजे गाडीची वीज बनवणारे यंत्र, जागेवर बसून थोडाच वेळ झाला होता, हेडलाइट लावलेले होते, आणि मिस्त्रींचा हात दहा नंबरचा पाना घेऊन बॅटरीच्या मायनस क्लॅम्पकडे निघाला. ‘थांबा, ते काढू नका,’ मी म्हणाले, आणि जरा जास्तच मोठ्याने म्हणाले. जुन्या टायरवर बसून चहा पिणाऱ्या आण्णांनी माझ्याकडे असे पाहिले, की पंगतीत मी एखाद्या वाढप्याचा हात धरला असावा. मिस्त्री मात्र रागावले नाहीत. पाना तसाच धरून त्यांनी विचारले, ‘का, ताई? आम्ही असंच बघतो. दिवे लावायचे, टर्मिनल काढायचं. दिवे टिकले तर डायनॅमो चालू, विझले तर परत खोलायचा.’ माझ्याकडे उत्तर होते, पुस्तकी असले तरी बरोबर होते, आणि ते मी दिलेही. तरीही कराडहून पुण्याला परत येताना तो हवेत थबकलेला पाना माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. मी बरोबर होते याविषयी मला आजही शंका नाही. बोचत होते ते निराळेच. त्या दिवशी गाडी ज्या कामांमुळे खरोखर दुरुस्त झाली, त्यांतले निदान एक काम माझ्या वीज मोजणाऱ्या मल्टीमीटरच्या भरवशावर राहिले असते तर झालेच नसते.

गाडी आण्णांची, जुनी सुमो. टाटांच्या मोटार कंपनीचे प्रमुख राहिलेल्या सुमंत मुळगावकरांच्या नाव-आडनावावरून तिचे नाव ठेवले गेले, हे आण्णा गाडीत बसणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला सांगतात, आणि ती विकण्याचा विषय आमच्या घरात दर दिवाळीला निघून भाऊबीजेपर्यंत मिटतो. गेल्या हिवाळ्यात पुण्याहून गावी जाताना खंबाटकीच्या चढावर मला पहिल्यांदा वाटले, की समोरचा रस्ता पिवळा दिसतो आहे. आधी काच पुसून पाहिली, मग चष्मा पुसून पाहिला. जुन्या गाड्यांमध्ये पायाखालचा पेडल दाबला की दिवे थोडे उजळतात, सोडला की मंदावतात, आणि रात्रीच्या प्रवासात ही हलकी उघडझाप आपल्या इतक्या अंगवळणी पडलेली असते की ती नाहीशी झाल्यावरच तिची जाणीव होते. त्या रात्री दुसऱ्या गियरमध्ये इंजिन चांगले ओरडत होते, पण दिव्यांवर त्याचा काडीचाही परिणाम होत नव्हता. ते आपल्या गतीने, एकाच दिशेने उतरत चालले होते: पांढरट, पिवळसर, मग हळदीसारखे. सुरूरच्या पुढे एका ट्रकच्या मागच्या लाल दिव्यांचा माग धरून आम्ही भुईंज आणि पाचवड ओलांडले, आणि साताऱ्याला आत्याच्या दारात गाडी उभी केली तेव्हा हॉर्नमधून नुसता घशाचा आवाज निघत होता.

पेट्रोलवर चालणारी आजची गाडी असती तर ती घाटातच बंद पडली असती, कारण तिच्या इंजेक्टरांना, पंपाला आणि संगणकाला सतत वीज लागते. जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनाचे तसे नसते. डिझेल दाबाने पेटते, ठिणगी लागत नाही, आणि एकदा सुरू झालेले इंजिन जवळजवळ विजेशिवायच धावत राहते. हा तिचा गुण आहे, पण आजार लपवण्याच्या कामी येणारा गुण आहे.

सकाळी आत्याच्या अंगणात मी बोनेट उघडले, उसनी बॅटरी लावून इंजिन सुरू केले, ती काढायची नाही अशी सगळ्यांना ताकीद दिली आणि मल्टीमीटरच्या तारा बॅटरीवर टेकवल्या. १२.१ व्होल्ट. रेस वाढवली तरी १२.१. धडधाकट गाडीत हा आकडा इंजिन बंद असताना साडेबाराच्या आसपास असतो आणि इंजिन सुरू झाल्यावर चौदाच्या घरात चढतो. इथे तो चढण्याचे नावच घेत नव्हता. अल्टरनेटर फिरत होता, पण काही देत नव्हता. निदान इतके सोपे होते, आणि तरीही या गाडीला वर्षभरात नवी बॅटरी बसली होती, आणि त्या बॅटरीलाही दुकानदाराने एकदा बाहेर काढून रात्रभर चार्ज करून दिले होते. दोन्ही वेळी त्याचा युक्तिवाद एकच होता, आणि तो ऐकायला बिनतोड होता: डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा पेटत नाही, म्हणजे चार्जिंगला काही झालेले नाही, म्हणजे दोष बॅटरीचाच.

दिवा पेटत नव्हता हे खरेच होते. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधीही, तो पेटत नव्हता.

या लहानशा लाल दिव्याकडे आपण तक्रारपेटी म्हणून पाहतो, पण जुन्या पद्धतीच्या अल्टरनेटरमध्ये त्याच्याकडे दुसरे, अधिक महत्त्वाचे काम असते. अल्टरनेटरच्या आत कायमचा लोहचुंबक नसतो. फिरणाऱ्या रोटरवर तारेचे वेटोळे असते, आणि त्यात थोडी वीज सोडली की रोटर चुंबक होतो. ती पहिली वीज या दिव्यातून जाते. चावी फिरवली की बॅटरीचा करंट दिव्यातून, रेग्युलेटरमधून, दोन कार्बनांमधून, म्हणजे रिंगांना टेकून राहणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांमधून, रोटरच्या तांब्याच्या रिंगांवर उतरतो, आणि त्या वाटेने जाताना दिवा पेटवून जातो. पुढे इंजिन सुरू झाले, अल्टरनेटर स्वतःची वीज बनवू लागला, की दिव्याच्या दोन्ही टोकांना विजेचा सारखाच दाब (व्होल्टेज) येतो आणि दिवा विझतो. म्हणजे चावी फिरवल्यावर हा दिवा लागलाच पाहिजे. तो लागला नाही तर एक तर बल्ब गेला आहे, नाही तर पुढे कुठेतरी वायर किंवा कार्बन सुटला आहे, आणि कसेही असले तरी वाट तुटलेलीच, म्हणजे सहसा रोटर चुंबक होणार नाही आणि अल्टरनेटर नुसता पंख्यासारखा फिरत राहील. पेटलेला लाल दिवा पाहून माणूस गाडी बाजूला घेतो. न पेटलेला लाल दिवा कोण पाहतो? चावी फिरवताना आपले लक्ष सेल्फच्या आवाजाकडे असते.

मला या यंत्राविषयी पहिल्यापासून जी आपुलकी आहे तिचे मूळ सायकलच्या डायनॅमोत आहे. शाळेच्या शेवटच्या वर्षी शिकवणीहून परतताना रात्र होई, आणि आण्णांच्या जुन्या सायकलच्या मागच्या चाकाला बाटलीच्या आकाराचा डायनॅमो होता. अंगठ्याने खटका दाबला की तो टायरला चिकटे, घर्रर्र असा आवाज सुरू होई, आणि त्याच क्षणी पायांना कळे की आता सायकल जड झाली. दिवा लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर रस्ता तोच, वारा तोच, पण मांड्यांना फरक कळत असे. त्यातला काही भार टायरवरच्या घर्षणाचा होता, पण काही भार खरोखर उजेडाचा होता. वीज जितकी घ्याल तितका फिरवणाऱ्याला विरोध होईल, हा लेंझचा १८३४ सालचा नियम पुढे मी फळ्यावर किती तरी मुलांना शिकवला, पण मला तो पायांनी आधी शिकवला होता. त्या डायनॅमोची एक मोठी खोडही होती. चढावर वेग कमी झाला की उजेडही कमी होई, म्हणजे खड्डा दिसायला हवा तिथेच दिवा डोळे मिटत असे. गाडीच्या अल्टरनेटरमध्ये ही खोड काढलेली असते. त्याची पुली लहान असल्यामुळे तो इंजिनाच्या दुपटी-तिपटीने फिरतो, आणि रेग्युलेटर रोटरला मिळणारी वीज कमी-जास्त करून दाब चौदा व्होल्टच्या आसपास धरून ठेवतो. भार मात्र तसाच राहतो. इंजिन मंद चालत असताना हेडलाइट लावून पाहा, त्याचा सूर अर्ध्या क्षणासाठी खाली जातो.

आत्याकडून गाडी कराडला आली ती बॅटरी चार्ज करून, भर दिवसा, एकही दिवा न लावता. मिस्त्रींनी पहिल्यांदा बॅटरीचा मायनस सोडवला. हे काम ते इतक्या सहजतेने करतात की हाताखालचा पोरगा त्याकडे पाहतही नाही, पण मला ते पाहायला आवडते. अल्टरनेटरच्या पाठीवरचा जाड बोल्ट इंजिन बंद असतानाही थेट बॅटरीला जोडलेला असतो, आणि मायनस न काढता त्यावर लावलेला पाना चुकून इंजिनाला टेकला तर ठिणगीने पान्याला खाच पडते. मिस्त्रींच्या पेटीत असा खाच पडलेला एक पाना आहे, तो त्यांनी मी न विचारताच मला दाखवला. मग ताणाचा बोल्ट ढिला करून बेल्ट उतरला, आणि जुन्या डिझेल गाड्यांमधले खरे किचकट काम सुरू झाले. डिझेल इंजिनाच्या हवेच्या वाटेवर पेट्रोल इंजिनासारखी झडप नसते, त्यामुळे ब्रेकवरच्या पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला लागणारी पोकळी तिथे तयार होत नाही. ती तयार करायला वेगळा पंप लागतो, आणि सुमोसारख्या गाड्यांमध्ये तो अल्टरनेटरच्या पाठीवरच, त्याच दांड्यावर बसवलेला असतो. त्या पंपाला इंजिनाचे ऑइल मिळते. म्हणून अल्टरनेटर काढायचा म्हणजे वायरींबरोबर ऑइलची येणारी नळी, परत जाणारी नळी आणि ब्रेकची नळी, एवढे सगळे सोडवावे लागते. ‘ताई, लांब उभ्या राहा, तेल येईल,’ असे मिस्त्री म्हणाले आणि ते आलेच. काळे, कोमट, करपलेल्या वासाचे तेल त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले, आणि त्यांनी ते पुसायचे कष्टही घेतले नाहीत.

जुना अल्टरनेटर फळीवर ठेवून पाठ उघडली तेव्हा सगळे एका नजरेत कळले. पंप आणि अल्टरनेटर यांच्यामधले ऑइल सील केव्हाच हरले होते. तेल आत पाझरून कार्बनांवर आले होते, कार्बनाची झीज होऊन पडलेली काळी भुकटी त्या तेलात कालवून तिचा चिखल झाला होता, आणि त्या चिखलाखाली रिंगांवर नखाने चाचपता येतील अशा खोबणी पडल्या होत्या. एक कार्बन बोटाच्या पेराएवढाही उरला नव्हता. त्याच्यामागची स्प्रिंग पूर्ण ताणून मोकळी झाली होती आणि कार्बन रिंगेपाशी पोहोचत नव्हता. म्हणून वाट तुटलेली, म्हणून लाल दिवा गप्प. मधले महिने तो कधी टेकत असेल, कधी सुटत असेल, आणि बॅटरीचे नशीब त्या एका केसाच्या अंतरावर चालले असेल. बेअरिंग हाताने फिरवले तर वाळू भरडल्यासारखी खरखर आली.

मिस्त्रींचे मत नवा घेऊ नये असे होते. रिंगा लेथवर घासून घेऊ, कार्बन, सील आणि बेअरिंग नवे टाकू, एका दिवसात होईल. पण लेथवाला दोन दिवसांनी येणार होता, मला परत कामावर जायचे होते, आणि माझ्या भावाने पुण्याच्या नाना पेठेतून, जिथे गाडीचा एकही भाग मिळत नाही असे सहसा होत नाही, नवा अल्टरनेटर आणून ठेवला होता. तो खोक्यातून काढल्यावर मिस्त्रींनी जे केले ते मला फार आवडले. त्यांनी त्यावरचा क्रमांक वाचला नाही. जुना आणि नवा शेजारी ठेवून ते दोघांना पाहत राहिले: कानांमधले अंतर, लांब बोल्टचे भोक, पुलीचा व्यास आणि तिच्या खोबणीचा कोन, पंपाच्या नळ्यांची तोंडे, वायरींच्या जागा. पुलीच्या तोंडावर स्टीलची पट्टी आडवी ठेवून दोन्हींची पातळी त्यांनी डोळ्याने मोजली, कारण पुली थोडी जरी पुढे-मागे झाली तरी बेल्ट तिरका चालतो, किंचाळतो आणि कडेने विरतो. मग म्हणाले, ‘जुळतंय.’

आणि मग त्यांनी बल्ब काढला. हेडलाइटचा जुना बल्ब, एक फिलामेंट गेलेला, दुसऱ्याला दोन वायरी डागलेल्या, टोकांना क्लिपा. बॅटरी परत जोडून त्यांनी अल्टरनेटरकडे येणारी जाड वायर मोकळी धरली आणि मला म्हणाले, ‘तुमचं मशिन लावा हिला.’ मी मीटर लावला. १२.५, म्हणजे बॅटरीवर होते तेवढेच. वायर उत्तम असल्याचे मी जाहीर केले असते, इतका तो आकडा स्वच्छ होता. त्यांनी त्याच जागी बल्ब लावला. बल्ब लाल झाला, पांढरा झालाच नाही. वायरीच्या टोकावरच्या थिंबलच्या मानेपाशी इन्सुलेशन चाकूने सोलल्यावर आत हिरवट पावडर निघाली, आणि त्या पावडरीत तांब्याचे मोजके तंतू तग धरून होते. मल्टीमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, म्हणून त्याला एक तंतूही पुरतो आणि तो एका तंतूवरूनही पूर्ण दाब दाखवतो. ५५ वॉटचा बल्ब साडेचार अँपिअर मागतो, आणि मागितल्यावर वायरीचे पितळ उघडे पडते. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. हे मी शिकवते. पण माझ्या पिशवीत मीटर होता आणि त्यांच्या पेटीत बल्ब, आणि कोणते साधन आधी हातात यावे हे ठरवण्यात माणसाचे सारे शिक्षण दिसते. नवे थिंबल डागले, त्यावर स्लीव्ह चढली, आणि मगच अल्टरनेटर जागेवर गेला.

बसवण्याचे काम काढण्यापेक्षा शांतपणे झाले. पंपात थोडे नवे ऑइल सोडले, पुली हाताने फिरवून ते आत पसरवले, नळ्यांना नवे वॉशर लावले. पहारीने अल्टरनेटर बाहेर ओढून धरत पोरग्याने बोल्ट आवळला आणि मिस्त्रींनी बेल्टच्या मधोमध अंगठा दाबून पाहिला. साधारण सेंटिमीटरभर दबला पाहिजे. जास्त सैल ठेवला तर भार आल्यावर घसरेल, आणि किंचाळू नये म्हणून हौसेने जास्त आवळला तर नव्या अल्टरनेटरचे बेअरिंग खाईल आणि त्याच बेल्टवर चालणाऱ्या पाण्याच्या पंपाचेही. पोरग्याने तो तारेसारखा ताणला होता. मिस्त्रींनी काही न बोलता अर्धा आटा सोडवला.

चावी फिरवली आणि लाल दिवा लागला. आण्णा म्हणाले, ‘हा दिवा आहे होय इथं?’

इंजिन सुरू झाले तरी तो लगेच विझला नाही, एवढेच नव्हे तर मंद चालीवर तसाच पेटत राहिला, आणि पोरग्याचा चेहरा पडला. मिस्त्रींनी गाडीच्या खिडकीतून हात घालून क्षणभर रेस दिली, आणि दिवा गेला तो गेलाच. काही अल्टरनेटरांना पहिला जोर यायला एवढा वेग लागतो, त्यानंतर मंद चालीवरही ते काम करत राहतात. बॅटरीवर मीटर १४.२ दाखवू लागला. मग हेडलाइट लावले गेले, आणि मग तो पाना.

मी त्यांना सांगितले ते असे. बॅटरी ही या सगळ्या जुळणीतली गादी आहे. अल्टरनेटर बॅटरीत करंट ओतत असताना ती अचानक काढली, तर रोटरमधले चुंबकत्व त्याच क्षणी नाहीसे होत नाही आणि रेग्युलेटरलाही सावरायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात करंटला जायला जागा नसते आणि दाब उसळतो. सेकंदाच्या काही दशांशांसाठी का होईना, पण तो ८० ते १०० व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. बारा व्होल्टचे बल्ब उडतील, रेडिओ जाईल, आणि रेग्युलेटर आणि विजेला एकाच दिशेने जाऊ देणारे डायोड, म्हणजे ज्यांची परीक्षा घ्यायची तेच, परीक्षेत मरतील. मिस्त्रींनी सगळे ऐकून घेतले. ‘नवीन गाड्यांचं टर्मिनल मी काढतो का? ईसीएम उडतंय, माहीत आहे. हिला कुठं ईसीएम आहे?’ ईसीएम म्हणजे इंजिनाचा संगणक. मी म्हणाले, रेग्युलेटर तर आहे, आणि तो आत्ताच विकत आणलाय. यावर ते हसले आणि पाना पेटीत गेला. त्यांची ती परीक्षा कुठून आली असेल हे मी नंतर बराच विचार करून पाहिले. ते ज्या काळात उमेदवारी करत होते तेव्हा रस्त्यावर खरे डायनॅमोच होते, फिरता फिरताच वीज एका दिशेची करून देणाऱ्या कम्युटेटरचे, जड, आणि सिग्नलला गाडी उभी राहिली की अँपिअर मीटरचा काटा उणे बाजूला झुकवणारे. सिलिकॉनचे डायोड स्वस्त आणि दमदार झाले तेव्हा कुठे अल्टरनेटरची उलटसुलट वाहणारी तीन फेजची वीज गाडीतच सरळ करून घेता येऊ लागली. अमेरिकेत क्रायस्लरने १९६० मध्ये व्हॅलियंट या गाडीला अल्टरनेटर दिला, आणि आपल्याकडे तो सर्रास व्हायला पुढे बरीच वर्षे गेली. डायनॅमोत उडून जाईल असा डायोड नव्हताच. तिथे टर्मिनल काढून पाहणे अडाणीपणाचे होते असे मला म्हणवत नाही. आता मात्र ती सवय सोडलेलीच बरी, आणि दिवे टिकले तरी तिच्यातून अल्टरनेटर किती देतो आहे हे कळत नाही, फक्त देतो आहे एवढेच कळते.

किती देतो आहे हे पाहायला आम्ही त्याच्यावर सगळे लादले. हेडलाइट अपर, ब्लोअर पूर्ण, वायपर, मागचे दिवे, आणि आण्णांना हॉर्न वाजवायला बसवले, ते त्यांनी मनापासून केले. इंजिनाचा सूर खाली गेला आणि सावरला. मिस्त्री मान वाकडी करून तो ऐकत होते. चांगला उतरतोय, म्हणजे खातोय, असे म्हणाले. बॅटरीवर आकडा १३.३ झाला. वाईट नव्हे, पण इंजिन मध्यम वेगात असताना मला तो कमी वाटला, म्हणून मी मीटरची एक तार अल्टरनेटरच्या बोल्टवर आणि दुसरी त्याच्याच अंगावर ठेवली. तिथे १४.१. म्हणजे यंत्र चौदा बनवत होते आणि बॅटरीपर्यंत पोहोचताना जवळजवळ पाऊण व्होल्ट वाटेत गहाळ होत होता. प्लसच्या वाटेवर, मिस्त्रींच्या नव्या थिंबलसकट, ०.२ गेले. ते चालण्यासारखे. मायनसच्या वाटेवर, इंजिनाच्या अंगापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत, ०.६. लोक प्लसची वायर बदलतात, मायनसची आठवण कोणाला नसते. पण जेवढा करंट जातो तेवढाच परत यावा लागतो. इंजिन रबरी पायांवर बसलेले असते, म्हणून ते चासीला जोडायला तांब्याची विणलेली पट्टी असते. मिस्त्रींनी खाली हात घालून ती चाचपली आणि झटकन हात मागे घेतला. ‘तापलीय.’ तीस अँपिअर जात असतील तर ०.६ व्होल्टला अठरा वॉट होतात, आणि ते सगळे त्या हिरव्या पडलेल्या टोकाशी उष्णता होऊन चालले होते. इंजिन बंद करून पट्टी काढली, टोके आणि चासीवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, ग्रीस लावून परत आवळली. पुन्हा सगळा भार, पुन्हा हॉर्न. ०.१, आणि बॅटरीवर १३.८. या वेळी हेडलाइटमधला फरक मीटरशिवाय दिसत होता. शेडच्या मागच्या भिंतीवरचा उजेड पांढरा झाला होता.

शेवटी मीटर एसीवर, म्हणजे उलटसुलट वाहणारी वीज मोजण्यावर, फिरवून बॅटरीवर टेकवला. डायोड नीट असतील तर इथे अगदी किरकोळ आकडा येतो, अर्ध्या व्होल्टकडे जाऊ लागला तर एखादा डायोड दगा देतो आहे असे समजावे. आमचा ठीक होता. आण्णांनी तोवर इंजिन बंद करून ब्रेक दोन-चारदा दाबून कडक केला, पाय तसाच ठेवून गाडी सुरू केली, आणि पायाखाली पेडल बोटभर खाली गेल्यावर समाधानाने मान हलवली. म्हणजे नव्या पंपाने बूस्टरला पोकळी मिळू लागली होती. ही परीक्षा त्यांना कोणी सांगितलेली नव्हती, आणि त्या दिवसातल्या सगळ्या परीक्षांमध्ये घाट उतरणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तीच पहिली असायला हवी होती. मिस्त्रींनी एकच गोष्ट बजावली: आठ-पंधरा दिवस चालवून झाल्यावर बेल्ट पुन्हा पाहून घ्या, नवा बेल्ट थोडा ताणला जातो. मी माझी एक जोडली, की उन्हाळ्यात आकडा थोडा खाली दिसला तर घाबरू नका, बरेच रेग्युलेटर तापल्यावर दाब मुद्दाम कमी करतात. पण पंधराच्या वर गेलेला दिसला, किंवा बॅटरीत सारखे पाणी घालावे लागू लागले, सडक्या अंड्यासारखा वास आला, तर गाडी घेऊन तडक इथे या.

जुना अल्टरनेटर मिस्त्रींनी ठेवून घेतला आणि त्याचे पैसे मजुरीतून वळते केले. लेथवाला आल्यावर त्यांनी रिंगा घासून घेतल्या, कार्बन, सील आणि बेअरिंग बदलले, आणि तो उंब्रजकडे चालणाऱ्या एका वडापच्या, म्हणजे प्रवासी भरून नेणाऱ्या, जीपला बसवला. परवा आण्णा त्यांच्याकडे बेल्ट दाखवायला गेले होते, तेव्हा ती जीप तिथेच उभी होती, आणि मिस्त्रींनी आपल्या बल्बाने आणि, हे विशेष, नव्याने विकत घेतलेल्या एका स्वस्तातल्या मीटरने तिचे चार्जिंग आण्णांना दाखवले. चौदाला थोडे कमी. आण्णांनी तिथूनच मला फोन लावला. ‘तो चांगला चालतोय की. मग आपण नवा कशाला घेतला?’ मला रजा नव्हती, लेथवाला दोन दिवसांनी येणार होता, हे मी त्यांना सांगितले. ते त्यांना अजून पटलेले नाही.